वंशावळ संगणकात : प्रोलॉगच्या टर्म बाहेरच्या डेटाबेसमध्ये साठवणे आणि परत मिळवणे



पिस्कॅटवेच्या आमच्या मराठी शाळेत 'नातीगोती' हा धडा आला की दरवर्षी तोच गोंधळ होतो. इथे वाढलेल्या मुलांच्या दृष्टीने काका, मामा, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान हे सगळे 'अंकल'. मग फळ्यावर चौकोन काढा, रेघा ओढा, आणि तास संपेपर्यंत ते जाळे कोणालाच कळेनासे होते. ते पाहून आम्ही चार-पाच संगणकवाल्यांनी ठरवले की आपापल्या घराण्यांची माहिती प्रोलॉगमध्ये भरायची आणि 'हे माझे कोण?' याचे उत्तर संगणकाकडून काढायचे.

नाती काढण्याचा भाग दोन रविवारांत झाला. माहिती टिकवून ठेवण्याचा आणि ती जशीच्या तशी परत मिळवण्याचा भाग मात्र आम्हाला पुष्कळ शिकवून गेला. असे काम करू पाहणारी मंडळी इतर गावांतही आहेत, म्हणून आम्हाला जे कळले ते एका ठिकाणी लिहून ठेवत आहोत.

एक सूचना आधीच. खालच्या उदाहरणांत प्रोलॉगच्या अंगभूत आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर त्या आज्ञा रोमन लिपीतच टंकाव्या लागतात, आणि अंकही नेहमीचेच वापरावेत. आपली माहिती मात्र एसडब्ल्यूआय प्रोलॉगसारख्या युनिकोड जाणणाऱ्या प्रणालीत खुशाल देवनागरीत लिहिता येते.

१. प्रोलॉगची तोंडओळख

प्रोलॉग ही भाषा १९७२ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे अलँ कोलमेरॉअर आणि फिलिप रूसेल यांनी तयार केली. तिचा तर्कशास्त्रातला पाया तेव्हा एडिंबरोला असलेल्या रॉबर्ट कोवाल्स्की यांच्या कामातून आला. १९८२ मध्ये जपानने 'पाचव्या पिढीच्या' संगणकांचा प्रकल्प सुरू केला तेव्हा तिचा फार बोलबाला झाला. १९९५ मध्ये तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाणही ठरले. आयबीएमच्या ज्या वॉटसनने २०११ मध्ये 'जेपर्डी' जिंकले, त्यातही वाक्यांची रचना ओळखण्यासाठी प्रोलॉग वापरली होती.

आमच्यापैकी बहुतेकांनी प्रोलॉग पाहिली ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी, प्रॅक्टिकलपुरती. जर्नलवर सही घेतली, व्हायवा दिली आणि विसरलो. पण पाठ्यपुस्तकांतले पहिले उदाहरण बहुधा नात्यांचेच असते, आणि ते उगाच नाही. प्रोलॉगमध्ये काय करायचे याच्या पायऱ्या लिहायच्या नसतात. काय खरे आहे ते लिहायचे असते.

वडील(क११, क२०).
आई(क१२, क२०).
पुरुष(क१५).

म्हणजे क११ हे क२० चे वडील, क१२ ही क२० ची आई, क१५ हा पुरुष. ही झाली विधाने. आता नियम :

भाऊ(_म, _अ) :- वडील(_व, _म), वडील(_व, _अ), पुरुष(_म), _म \== _अ.
मामा(_म, _भ) :- आई(_आ, _भ), भाऊ(_म, _आ).

मामा म्हणजे आईचा भाऊ, बस्स. रोमन लिपीत व्हेरिएबल मोठ्या अक्षराने सुरू होते. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही, म्हणून सुरुवातीला अधोरेखा द्यायची.

इथेच पहिला धडा मिळतो : विधाने साठवा, नाती साठवू नका. 'क१५ हा क२० चा मामा' हे लिहून ठेवण्याची गरज नाही, ते नियमातून निघते. शिवाय आपल्याकडे वंशावळ हे सरळ झाड नसतेच. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात तिची सविस्तर चर्चा केली आहे. अशा घरात एकच माणूस मामाही असतो आणि सासराही. मूळ विधाने नीट असतील तर दोन्ही उत्तरे आपोआप येतात.

२. टर्म म्हणजे काय?

प्रोलॉगमध्ये सगळा मजकूर टर्मच्या रूपात असतो. नुसता शब्द ही टर्म, अंक ही टर्म, व्हेरिएबल ही टर्म, आणि कंसात कंस असलेली रचना हीसुद्धा टर्मच. उदाहरणार्थ :

व्यक्ती(क११, नाव(विष्णू, गोपाळ), वाई, जन्म(१८९४)).

बाहेरचा शब्द 'व्यक्ती' आणि त्याच्या कंसातल्या जागांची संख्या, इथे चार, मिळून त्या टर्मचा मुख्य साचा ठरतो. आत नाव(...) आणि जन्म(...) या आणखी दोन रचना आहेत. दत्तकाची नोंद करायची असेल तर दत्तक(क३०, जनक(क८), दत्तक_पिता(क११)) असे लिहिता येते. एक्सेलच्या चौकटीत हे बसवताना जीव जातो. टर्ममध्ये जेवढी माहिती आहे तेवढी लिहायची, बाकीच्या रकान्यांची काळजी नाही.

ही लवचीकताच पुढे साठवणुकीच्या वेळी आडवी येते. साधारण डेटाबेस सपाट तक्त्यांसाठी बनलेले असतात. त्यांना कंसातले कंस कळत नाहीत आणि 'व्हेरिएबल' ही कल्पनाच त्यांच्याकडे नसते.

३. नाशिकची वही

बाहेरचा डेटाबेस आपल्याला नवा नाही. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलेल्यांना ठाऊक असेल, तीर्थोपाध्ये पहिला प्रश्न विचारतात : "मूळ गाव कोणते? आडनाव काय?" तेवढ्यावर नेमकी वही निघते, आणि तीत आपले आजोबा, पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होते, हे त्यांच्याच हस्ताक्षरात सापडू शकते. हरिद्वार आणि गयेलाही अशा वह्या आहेत. हरिद्वारच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे तर इथल्या युटामधील वंशावळ संस्थेने घेऊन ठेवली आहेत.

संगणकाच्या भाषेत बोलायचे तर वहीचा इंडेक्स गाव आणि आडनाव यांवर आहे. पणजोबांचे नुसते पहिले नाव सांगून गेलात तर उपाध्ये काहीच करू शकणार नाहीत. माहिती तिथेच आहे, पण तिच्यापर्यंत जायची वाट त्या बाजूने नाही.

दुसरी गोष्ट लिपीची. जुन्या नोंदी मोडीत असतात. मोडीचा रोजचा वापर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंद पडत गेला, आणि आज वही समोर असूनही आपल्याला ती वाचता येत नाही. माहिती जपली, पण वाचण्याची रीत जपली नाही, की असे होते. आपल्यापैकी कित्येकांच्या जुन्या डिस्कवर युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधली पत्रे पडून असतील. तो फॉन्ट नसेल तर त्यांतून निव्वळ रोमन अक्षरांचा काला दिसतो. ती आपली अलीकडची मोडीच!

हे दोन प्रश्न, कोणत्या बाजूने विचारणार आणि पुढे कोण वाचू शकणार, टर्म साठवतानाही जसेच्या तसे येतात.

४. साठवण्याच्या पद्धती

(अ) मेमरीत. 'असर्ट' ही आज्ञा चालू कार्यक्रमात विधान भरते आणि 'रिट्रॅक्ट' काढते. काम झटपट होते, पण प्रोलॉग बंद केली की सगळे गेले. एक बारकावा : असर्ट करताना टर्मची नवी प्रत बनते. याचे महत्त्व पुढे येईलच.

(आ) मजकुराच्या फाइलमध्ये. टर्म फाइलमध्ये लिहायची, शेवटी पूर्णविराम द्यायचा, आणि पुढच्या वेळी 'रीड' किंवा 'कन्सल्ट'ने वाचायची. ही सर्वांत साधी आणि टिकाऊ रीत. पण लिहिण्यासाठी नुसते 'राइट' कधीही वापरू नका. राइट अवतरणचिन्हे गाळते. आपल्याकडे आद्याक्षरांची पद्धत असते. 'वि. गो.' असे नाव अवतरणांशिवाय फाइलमध्ये गेले की प्रोलॉगच्या दृष्टीने 'वि' नंतरच्या टिंबापाशी टर्मच संपते, आणि पुढची सगळी ओळ चुकीची ठरते. त्याऐवजी 'राइट_कॅनॉनिकल' वापरावे. ते अवतरणे राखते, विशेष चिन्हांवर अवलंबून राहत नाही, आणि एकाच टर्ममध्ये एकच व्हेरिएबल दोनदा आले असेल तर तो संबंधही जपते. फाइल युटीएफ-८ मध्येच ठेवा.

(इ) नोंदवहीच्या पद्धतीने. एसडब्ल्यूआय प्रोलॉगमध्ये 'पर्सिस्टन्सी' नावाची लायब्ररी आहे. ती विधाने मेमरीतच ठेवते, पण प्रत्येक भर आणि प्रत्येक वजावट क्रमाने एका फाइलच्या शेवटी लिहीत जाते. पुन्हा सुरू करताना ती फाइल वरून खाली वाचली की जुनी स्थिती परत येते. किराणा दुकानाच्या रोजकीर्दीसारखेच हे. फाइल साध्या मजकुराची असल्याने डोळ्यांनीही वाचता येते. एका घराण्यासाठी आम्ही हीच पद्धत सुचवू.

(ई) यंत्राच्या रूपात. टर्म थेट बाइट्समध्ये लिहिणाऱ्या 'फास्ट_राइट'सारख्या आज्ञाही आहेत. वेग चांगला, पण प्रोलॉगची आवृत्ती किंवा यंत्र बदलल्यावर ते वाचता येईलच याची खात्री धरू नये. तात्पुरत्या कामाला ठीक, वंशावळीला नाही.

(उ) बाहेरच्या टर्म-डेटाबेसमध्ये. स्वीडनमध्ये तयार झालेल्या सिक्स्टस प्रोलॉगमध्ये खास यासाठी लायब्ररी आहे. ती बर्कले डीबी या डेटाबेसवर उभी आहे. बर्कले डीबी मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठातले, पुढे स्लीपीकॅट कंपनीचे, आणि २००६ पासून ओरॅकलचे. कल्पना अशी की असर्ट आणि रिट्रॅक्टसारखेच वागायचे, पण टर्म मेमरीऐवजी डिस्कवर ठेवायच्या. 'डीबी_ओपन'ने उघडायचे, 'डीबी_स्टोअर'ने ठेवायचे, 'डीबी_फेच'ने मिळवायचे, 'डीबी_इरेज'ने पुसायचे आणि काम झाल्यावर आठवणीने 'डीबी_क्लोज' करायचे. व्हेरिएबल असलेल्या टर्म आणि एकच टर्म दोनदा, हे दोन्ही इथे चालते. साध्या डेटाबेसांना ते बहुधा जमत नाही. एसडब्ल्यूआयमध्येही बर्कले डीबीशी जोडणारे पॅकेज आहे.

(ऊ) रिलेशनल डेटाबेसमध्ये. ऑफिसात रोज वापरतो तेच एसक्यूएल, ओडीबीसीमार्फत प्रोलॉगला जोडता येते. यात टर्म सपाट करावी लागते. एक सोयीची रीत : ज्यांवरून शोधायचे आहे त्या दोन-तीन गोष्टींना स्वतंत्र रकाने द्यायचे, आणि पूर्ण टर्म राइट_कॅनॉनिकलच्या मजकुरात शेवटच्या रकान्यात ठेवायची. शोधताना एसक्यूएलने ओळी निवडायच्या, मजकूर परत टर्ममध्ये वाचायचा आणि शेवटची जुळणी प्रोलॉगला करू द्यायची.

खरे सांगायचे तर एका घराण्याची दोन-तीन हजार माणसे आजच्या संगणकाच्या मेमरीत सहज मावतात. बाहेरचा डेटाबेस लागतो तो अनेक घराणी एकत्र आणताना, किंवा एडिसनमधून एकाने आणि पुण्याहून दुसऱ्याने एकाच वेळी भर घालायची असेल तेव्हा.

५. इंडेक्स : कोणत्या बाजूने विचारणार?

बाहेरच्या डेटाबेसमधून टर्म काढताना दोन चाळण्या लागतात. पहिली चाळणी इंडेक्सची. ती जाड असते आणि शक्य तेवढ्या निरुपयोगी टर्म बाजूला काढते. उरलेल्यांवर प्रोलॉगची नेमकी जुळणी चालते. पहिली चाळणी चांगली नसेल तर प्रत्येक प्रश्नाला सगळा डेटाबेस वाचावा लागतो.

सिक्स्टसमध्ये इंडेक्स डेटाबेस पहिल्यांदा बनवतानाच सांगावा लागतो :

[व्यक्ती(+,-,-,-), व्यक्ती(-,-,+,-)]

अधिक चिन्ह म्हणजे 'या जागेवर इंडेक्स ठेव', वजा म्हणजे 'नको'. वरच्या यादीचा अर्थ, माणसाच्या क्रमांकावरूनही शोधणार आणि गावावरूनही. प्रत्येक जादा वाटेबरोबर टर्म साठवण्याचे काम वाढते, म्हणून सगळीकडे अधिक चिन्हे देऊन ठेवणे शहाणपणाचे नाही.

आमची फसगत झाली ती दुसऱ्या जागेवर. आम्ही आधी नावावर इंडेक्स ठेवला होता आणि तरी शोध मंदच. कारण असे की इंडेक्स जागेतल्या टर्मचा फक्त बाहेरचा साचा बघतो, आत शिरत नाही. नाव(विष्णू, गोपाळ) आणि नाव(सीताराम, महादेव) या दोघांचा बाहेरचा साचा एकच, 'नाव' आणि दोन जागा. म्हणजे सगळी माणसे एकाच कप्प्यात! ज्यावरून शोधायचे ती गोष्ट कंसाच्या आत दडवू नका, बाहेरच्या पातळीवर आणा. गाव आम्ही म्हणूनच नुसते 'वाई' असे ठेवले आहे.

आणखी एक : बाहेरच्या डेटाबेसमधून टर्म तुम्ही भरलेल्या क्रमानेच येतील असे धरू नका. थोरला-धाकटा हा क्रम महत्त्वाचा असेल तर तो विधानातच लिहा.

६. न कळलेली नावे

आता आमच्या चुकीबद्दल. वाईला आमच्यातल्या एकाच्या आत्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पण स्मरण लख्ख. इथे रविवारी सकाळी नऊ म्हणजे तिकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि थंडीत साडेसात. त्यांचा दिवा लावून झाला की फोन करायचा आणि त्या सांगतील ते भरायचे, असे चार रविवार चालले.

घरातल्या पुरुषांची नावे सात पिढ्यांपर्यंत मिळाली. सुनांच्या माहेरची आडनावे मात्र आत्यांनाही सगळी ठाऊक नव्हती. जुन्या वंशावळींत हीच उणीव असते, बायकांची माहेरे पुसलेली. पण आत्या अधूनमधून असे काही सांगत : "या दोघी जावा सख्ख्या बहिणी रे, एकाच घरातल्या. आडनाव काही आठवत नाही बघ." आम्ही मोठ्या हुशारीने दोघींच्या माहेरच्या जागी एकच व्हेरिएबल ठेवले. प्रोलॉगमध्ये तो सुबक मार्ग वाटतो : नाव माहीत नाही, पण दोघींचे तेच आहे. एकीचे कळले की दुसरीचे आपोआप भरेल.

मग प्रत्येक व्यक्तीची टर्म वेगवेगळी असर्ट केली आणि 'लिस्टिंग'ने फाइलमध्ये उतरवली. असर्ट करताना प्रत्येक टर्मची स्वतंत्र प्रत होते हे वर सांगितलेच. एका टर्ममधल्या व्हेरिएबलचा दुसऱ्या टर्ममधल्या व्हेरिएबलशी काही संबंध उरत नाही. फाइलमध्ये उतरले ते असे :

माहेर(क४०, _).
माहेर(क४१, _).
माहेर(क४६, _).
माहेर(क५२, _).

अशा एकोणीस जणी, प्रत्येकीपुढे एक मुकी अधोरेखा. फाइल बिनचूक वाचली जात होती, कुठे तक्रार नाही, म्हणून आम्हालाही काही कळले नाही. वर्षभराने साताऱ्याच्या एका कुटुंबाकडून एका पणजीचे माहेर कळले तेव्हा आम्ही म्हटले, चला, आता तिच्या बहिणीचेही भरले जाईल. भरले गेले नाही. तिची बहीण त्या अठरा जणींपैकी कोण, हे सांगणारी फाइल आमच्याकडे नव्हती. फोनवरचे बोलणे आम्ही ध्वनिमुद्रित केले नव्हते. आणि आत्या त्याच पावसाळ्यात गेल्या होत्या.

ज्यांना ते ठाऊक होते त्यांनी आम्हाला सांगितले होते. आम्ही लिहूनही घेतले होते. आमच्या साठवण्याच्या पद्धतीने ते घालवले.

पुढे विचार केला तेव्हा कळले की संबंध जपला गेला असता तरी ती रीत चुकीचीच होती. प्रोलॉगमध्ये साठवलेल्या विधानातले व्हेरिएबल 'माहीत नाही' असे म्हणत नाही, ते 'कोणतेही चालेल' असे म्हणते. 'माहेर(_क, जोशी)' असे विचारा, म्हणजे जोश्यांच्या माहेरवाशिणी कोण. त्या एकोणीसच्या एकोणीस जणी उत्तरात येतील. न कळणे आणि काहीही असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आम्ही असे करतो. न कळलेल्या घराला स्वतःचा क्रमांक देतो :

माहेर(क४०, अज्ञात(घ३)).
माहेर(क५२, अज्ञात(घ३)).

आणि न कळलेल्या वडिलांनासुद्धा माणसाचा क्रमांक देतो, नाव नसले तरी :

वडील(क७१, क४०).
वडील(क७१, क५२).

आता त्या दोघी बहिणी आहेत हे नियमाने निघते, कोणत्याही डेटाबेसमध्ये टिकते आणि नाव कळले की फक्त एक ओळ जोडायची : 'उलगडा(घ३, सोमण)'. जुन्या ओळीला हात लावायचा नाही. (वरचे क्रमांक आणि आडनाव उदाहरणादाखल आहेत. आमच्या त्या दोघी कोण, हे अजूनही कळलेले नाही.)

७. नावावरून ओळख नको

आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची पद्धत. त्यामुळे विष्णू गोपाळ, त्यांचा मुलगा गोपाळ विष्णू, त्याचा मुलगा पुन्हा विष्णू गोपाळ. दर दोन पिढ्यांनी तेच नाव, तेच वडिलांचे नाव, तेच आडनाव, तेच गाव! मुलींचे तर लग्नात पहिले नावही बदलत असे. म्हणून प्रत्येक माणसाला क्रमांक हवाच, आणि नावे ही त्याच्याबद्दलची विधाने समजावीत, एकाहून अधिक असली तरी चालतील :

नाव(क४०, माहेरचे, यमुना).
नाव(क४०, सासरचे, पार्वती).

दुसरी अडचण लेखनाची. विष्णु आणि विष्णू, पंडित आणि पण्डित हे प्रोलॉगसाठी वेगळे शब्द. त्याहून छुपी अडचण म्हणजे गोऱ्हे, कऱ्हाड यांतला अर्धा र. तो दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला र आणि हलंत, दुसरीत साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण जुळणी होत नाही. माहिती आत घेतानाच सगळी नावे एका ठरलेल्या रूपात बदलून घ्यावीत, आणि सांगणाऱ्याने जसे लिहिले तसे रूप बाजूला वेगळे ठेवावे.

८. आम्ही पाळतो ते नियम

१. विधाने डेटाबेसमध्ये, नियम कार्यक्रमाच्या फाइलमध्ये. दोन्हींची सरमिसळ नको.

२. साठवलेल्या टर्ममध्ये व्हेरिएबल ठेवायचे नाही. न कळलेल्या गोष्टीला स्वतःचा क्रमांक द्यायचा.

३. लिहिताना राइट_कॅनॉनिकल, आणि फाइल युटीएफ-८.

४. इंडेक्स ठरवण्याआधी लोक काय विचारतील ते दहा प्रश्न कागदावर लिहायचे.

५. साठवले की लगेच दुसऱ्या कोऱ्या प्रोलॉगमध्ये परत वाचायचे आणि आधीचेच पाच-दहा प्रश्न विचारून उत्तरे ताडून पाहायची. फाइल वाचली गेली एवढ्यावर समाधान मानायचे नाही. आमची फाइलही वाचली जात होतीच!

६. कोणी सांगितले आणि कधी, हे प्रत्येक विधानाबरोबर : 'सांगितले(वि१०४, क२२, तारीख(२०१८, ३, ११))'. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही ठेवायचे, आपण न्यायाधीश व्हायचे नाही.

७. डेटाबेस कोणताही असो, दर महिन्याला साध्या मजकुराची एक प्रत काढायची आणि वर्षातून एकदा ती कागदावर छापायची. कंपन्या विकल्या जातात, आवृत्त्या बदलतात. साधा मजकूर वाचणारा कोणीतरी असतोच.

८. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते सामायिक डेटाबेसमध्ये टाकायचे नाहीत.

९. बोलणे परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित करायचे. टर्ममध्ये न मावणारे पुष्कळ काही त्यात असते.

मंडळी, प्रोलॉग शिकायला वेळ लागला तरी हरकत नाही, ती कुठे जात नाही. तुमच्याकडे सांगणारे कोणी असेल तर आधी त्यांना फोन करा, वहीत लिहून घ्या, आणि 'आठवत नाही' असे म्हणतील तेही लिहून घ्या. कोणत्या दोन गोष्टी सारख्याच आठवत नाहीत, हीसुद्धा माहितीच असते.

वरच्या लेखात काही राहिले असेल किंवा कोणाला याहून चांगली रीत माहीत असेल तर जरूर कळवा. चूकभूल द्यावी घ्यावी.